मी घाबरले की काम पास

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दचकले नाही. एरवी फोन वाजला की माझ्या हातातली वस्तू खाली पडते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा तर आधी मेसेज टाकतो, 'आई, आता फोन करतोय, घाबरू नकोस', आणि मग त्या मेसेजच्या आवाजानेच मी दचकते. पण त्या दुपारी मी हॉस्पिटलातून नुकतीच मुलुंडला घरी आले होते, दादासाठी मऊ भात लावला होता, आणि फोन वाजला तसं मला कळलंच. पलीकडे संदेश होता. संदेश म्हणजे दादाच्या गटातला सगळ्यात जुना माणूस, कॉलेजात असल्यापासून दादाच्या मागे लागलेला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. "शालूताई, दिगूदा गेले," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि गॅस बंद केला. फोन अजून कानालाच होता. त्यानेही ठेवला नव्हता. मग तो चाचरत म्हणाला, "ताई, आत्ता बोलू नये, पण... त्यांचं एक काम राहिलंय. गाळ्यात आहे. तुम्ही बघितलेलं नाहीये अजून." तेव्हा मात्र छातीत धस्स झालं.

ज्यांनी माझ्या भावाचं नाव ऐकलेलं नाही त्यांना हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. दिगंबर माझा थोरला भाऊ. घाटकोपरला एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत, तरुणपणी, त्याने चार मित्रांना घेऊन एक कलाचळवळ काढली आणि तिचं नाव ठेवलं 'धस्स'. शहाण्यासुरत्या लोकांनी नाव ऐकूनच हसून घेतलं. जाहीरनामा म्हणून खोलीच्या दारावर ऑइलपेंटने एकच ओळ लिहिलेली होती : 'जे बघून छातीत धस्स होत नाही ते घरीच ठेवा.' काम सुंदर असावं, त्यात अर्थ असावा, ते भिंतीला शोभावं, यातलं त्यांना काही नको होतं. बघणारा क्षणभर जागच्या जागी थांबला पाहिजे, बस्स. आता हे धस्स होतंय की नाही ते ठरवायचं कोणी? इथे माझा नंबर लागला. मी मुंबईतली सगळ्यात भित्री बाई आहे असं दादाचं ठाम मत होतं. गटातल्या कोणाचंही काम आधी मला दाखवायचं, मी घाबरले तर पास, नाही तर नापास, असा त्याने नियमच करून टाकला. पुढे गटाचं नाव झालं, गिरणीवरचं बिऱ्हाड अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या गाळ्यात गेलं, परदेशातून माणसं यायला लागली, पण नियम काही बदलला नाही. मी दचकल्याशिवाय त्या गाळ्यातून काही बाहेर जात नसे.

ही नोकरी मला फार लहानपणीच लागली होती. आम्ही विक्रोळीला कंपनीच्या चाळीत वाढलो. बाबांची दुसरी पाळी असली की दिवेलागणीला दूध आणायचं काम माझ्याकडे असायचं. एकदा दूध घेऊन वर आले तर आमच्या दारासमोरच्या बाकड्यावर बाबा बसलेले. अंगात रेनकोट, पायांत गमबूट, मान खाली. बाबा कामावर गेलेत हे मला पक्कं ठाऊक होतं. मी "बाबा?" म्हणून खांद्याला हात लावला आणि खांदा आत दबत गेला, दबतच गेला... दादाने रेनकोटात जुन्या चिंध्या भरल्या होत्या. किटली सुटली, दूध जिन्यापर्यंत वाहत गेलं. दुसरा कुठला भाऊ असता तर पोट धरून हसला असता. दादा माझ्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी गंभीरपणे विचारायला लागला, "कुठे झालं गं? पोटात की छातीत? आधी गार वाटलं की आधी धडधडलं?" आई आतून उलथनं घेऊन आली. "मेल्या, त्या चेडवाक कित्याक भेवडावतंस?" म्हणून तिने त्याला बदडलं, तरी मार खाता खाता तो माझ्याकडेच बघत होता. चिंध्यांच्या बाहुल्याला कोण घाबरतं? मी घाबरले ते त्याने खांदे हुबेहूब बाबांसारखे पाडले होते म्हणून. बाबा कारखान्यातून आले की तसेच बसायचे.

गटाचं पहिलं प्रदर्शन घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. त्यात दादाचं एकच काम होतं. रिकाम्या हॉलच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, शाळेच्या गणवेशातलं एक मूल उभं. पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, एका पायातला मोजा खाली आलेला. बस, एवढंच. ते मूल कोणाची तरी वाट बघत होतं आणि त्याला न्यायला कोणी आलेलं नव्हतं, हे न सांगता कळायचं. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. प्रदर्शन उघडण्याआधी मी ते बघितलं आणि तडक खाली उतरून, रिक्षा करून, शाळेत जाऊन बसले. शाळा सुटायला अजून पुष्कळ वेळ होता. प्रदर्शनाला आलेल्या कितीतरी बायांचं तेच झालं म्हणे. एका समीक्षकाने मोठा लेख लिहिला, त्यात 'भयाचं सौंदर्यशास्त्र' असा शब्द होता. मला सौंदर्यशास्त्र कळत नाही, पोटात गोळा आला की तेवढा कळतो.

मी फार लवकर घाबरते, म्हणजे काहीही आणलं तरी पास होत असेल, असं गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं. एका पठ्ठ्याने राक्षस केला होता, छतापर्यंत उंच, डोळ्यांत लाल दिवे, आत मोटर, जबडा उघडायचा आणि मिटायचा. सहा महिने खपला होता बिचारा. मी सगळीकडून फिरून बघितला आणि म्हटलं, "छान आहे हो. मोटर कुठून घेतलीत?" त्याचं तोंड एवढंसं झालं. दादा मात्र खूश. "भित्रं माणूस खोट्याला घाबरत नाही," तो सगळ्यांना म्हणाला, "त्याला खऱ्याची सवय असते." उलटंही व्हायचं. एकदा मी गाळ्यात शिरले आणि कोपऱ्यात बघून किंचाळलेच. खुर्चीच्या पाठीवर एक कोट, त्यावर कानटोपी, आणि कोटाच्या मांडीवर आडवी काठी. दादा धावत आला, "पास! पास! कोणाचं आहे हे?" कोणाचंच नव्हतं. वसाहतीच्या वॉचमनने कोट वाळत टाकला होता. पण नियम म्हणजे नियम. गाळ्यात शालू घाबरली की ते काम, या हिशेबाने तो कोट खुर्चीसकट मुंबईतल्या एका मोठ्या गॅलरीत गेला, काचेच्या पेटीत बसला, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी वॉचमन तिथे हजर. "साब, मेरा कोट है. ड्यूटी है मेरी." भाषण अर्धवट टाकून दादाने त्याला पेटी उघडून दिली आणि स्वतः हाताने कोट घालायला मदत केली. मग रिकामी खुर्चीच महिनाभर ठेवली. मला ती कोटापेक्षा भयंकर वाटली, पण मी बोलले नाही, उगाच आणखी एक काम वाढायचं.

हे सगळं आता लिहिताना गमतीचं वाटतं. तेव्हा दर वेळी वाटायचं असं नाही. नवऱ्याला यायला उशीर झाला की मी खिडकीत उभी, मुलाला ताप आला की मी रात्रभर त्याच्या नाकाशी बोट धरून, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली की माझे पाय लटपटायला लागायचे. भिणं हा माझ्या घरचा रोजचा स्वयंपाक होता, आणि भाऊ त्यातली फोडणी तेवढी हुंगायला यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "मी काय थर्मामीटर आहे का रे तुझा?" तो म्हणाला, "थर्मामीटर बाजारात मिळतो गं. तू मिळत नाहीस." असं काही बोलला की माझा राग तिथेच विरघळायचा, आणि ते त्याला बरोब्बर माहीत होतं. तो स्वतः कशालाच भ्यायचा नाही. खाडीकडच्या झुडपांतून साप धरून आणायचा, गच्चीच्या कठड्यावरून गप्पा मारत चालायचा, आई गेली तेव्हा तिच्या अंगावरची चादर त्यानेच शांतपणे सारखी केली. मला वाटायचं, धैर्य सगळं त्याला मिळालं आणि माझ्या वाट्याला उरलंसुरलंही आलं नाही.

मागच्या वर्षी त्याच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला मी त्याच्याबरोबर गेले होते. डॉक्टरांच्या केबिनबाहेर लोखंडी खुर्च्या होत्या, तिथे आम्ही दोघं बसलो. आत आमच्या आधीचं कोणीतरी होतं. दादा नेहमी अशा ठिकाणी माणसं न्याहाळत बसायचा, कोण कसं घाबरतंय ते. त्या दिवशी तो कोणाकडेच बघेना. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून बसला होता. जरा वेळाने म्हणाला, "शालू, माझे हात बघ." मी हात लावला. बर्फ झाले होते. "आणि इथे काहीतरी होतंय," त्याने बरगड्यांच्या खाली बोट ठेवलं. "खाली पडल्यासारखं. मग परत. हे असं होतं तुला?"

"हो."

"दर वेळी?"

"हो रे."

त्याने बोट तिथेच ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "मला हे कधी झालंच नव्हतं गं. कधीच नाही. तुम्ही सगळे घाबरता तसं मला घाबरून बघायचं होतं, जमायचं नाही. म्हणून तुला विचारायचो." ज्याने धस्स नावाची चळवळ उभी केली, त्याच्या स्वतःच्या छातीत आयुष्यात एकदाही धस्स झालेलं नव्हतं! इतकी वर्षं मी त्याला शूर समजत होते आणि तो बंद दुकानाच्या काचेला नाक लावून आत बघणाऱ्या पोरासारखा माझ्या भीतीकडे बघत होता. "मग काय करतात गं?" त्याने विचारलं. "हे सुरू झालं की काय करायचं असतं?" ज्याचं उत्तर मला ठाऊक आहे असं काहीतरी शेवटी कोणीतरी मला विचारत होतं. मी म्हटलं, "काही करायचं नसतं. बसून राहायचं. शेजारी कोणी असलं तर बरं असतं." तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. रिपोर्ट काय होता ते आता सांगून काय करायचं? त्यानंतर जेमतेम पावसाळा गेला आणि दिवाळी गेली. मधल्या काळात तो बरं वाटेल त्या दिवशी गाळ्यात जायचा, दार आतून लावून घ्यायचा, आणि मला मात्र एकदाही बोलावलं नाही.

दिवसकार्य झालं आणि संदेशचे फोन सुरू झाले. एका मोठ्या कलादालनाला दादाच्या सगळ्या कामांचं प्रदर्शन करायचं होतं. मधोमध जागा राखून ठेवली होती ती त्या शेवटच्या कामासाठी. पण गटातल्या एकानेही ते बघितलेलं नव्हतं, कारण शालूताईंच्या आधी बघायचं नाही हा दंडक. "ताई, कधी येताय?" संदेश विचारायचा, आणि मी आज पाय दुखतोय, उद्या नळ दुरुस्तीला माणूस यायचाय, असं काहीबाही सांगायचे. खरं सांगते, मला त्या गाळ्याची एवढी भीती कधी वाटली नव्हती. घाबरले तर काय? म्हणजे मरतानाही हा माणूस मला भेवडावूनच गेला, आणि आता समोर बसून 'कुठे झालं गं' विचारायलाही तो नाही. आणि घाबरले नाही तर? तर त्याचं शेवटचं काम नापास, आणि ते नापास करणारी मी. अंगात शक्ती नसताना, दार लावून, एकट्याने केलेलं काम. दोन्हीकडून माझीच पंचाईत. रात्री झोप लागेना, लागली तर त्या बंद शटरचं स्वप्न पडे. शेवटी सुनेने रिक्षा बोलावली आणि म्हणाली, "आई, रोज थोडं थोडं घाबरण्यापेक्षा एकदाच जाऊन या ना."

संदेशने शटर वर केलं आणि तो बाहेरच थांबला. सकाळची वेळ होती, वरच्या काचेतून चांगलं ऊन आत येत होतं. बाकीची कामं खोक्यांत भरून भिंतीला लावलेली. मधे मोकळ्या जागेत दादा बसला होता. वर्तमानपत्राच्या कागदाचा आणि खळीचा केलेला, वरून रंगही दिलेला नाही. गालावर बातम्यांची अक्षरं दिसत होती. त्याची बाकीची कामं बघा, कुठे बोटाचा ठसा सापडायचा नाही. इथे सगळीकडे अंगठ्याचे खड्डे, थरथरत्या हाताने लावलेल्या पट्ट्या, एक कान जरा वर गेलेला. अंगात त्याचाच चौकड्यांचा शर्ट. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून, अंग चोरून तो एका स्टुलावर बसला होता, आणि मान किंचित डावीकडे वळवलेली. डावीकडे दुसरं स्टूल होतं. रिकामं.

मी उभी राहून वाट बघितली. आता होईल, आता होईल. छातीत काहीच झालं नाही. धस्स हे एका क्षणाचं असतं, येतं आणि जातं, एवढं मला इतक्या वर्षांत नक्की कळलंय. हे तसं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझा भाऊ भयंकर घाबरलाय आणि त्याच्याजवळ कोणी नाही. मी जाऊन रिकाम्या स्टुलावर बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. कागद उन्हाने कोमट झाला होता. किती वेळ गेला कोण जाणे, बाहेरून संदेशची हाक आली, "ताई... झालं का?"

"थांब रे जरा," मी म्हटलं. "हा घाबरलाय."

नंतर वसाहतीच्या फाटकाजवळ आम्ही चहा घेतला. संदेशला राहवत नव्हतं. "काय ताई? पास ना?" त्याच्या चेहऱ्याकडे बघून माझा जीव तुटत होता. पास म्हणायला काय जात होतं? एक शब्द. पण दादाच्या बाबतीत मी कधी खोटं घाबरले नाही, ते आता तो नसताना कशी घाबरू? आणि पास म्हटलं असतं तर हा त्याला उचलून त्या कलादालनात मधोमध नेऊन ठेवणार. भोवती दोरी लावणार. शेजारच्या स्टुलावर 'बसू नये' अशी पाटी लावणार. मी म्हटलं, "नापास."

संदेशचा कप हातातच राहिला. "दिगूदांचं शेवटचं काम, ताई? नापास?"

"नापास. धस्स झालं नाही मला."

तो डोळे पुसत म्हणाला, "नापास काम ज्याचं त्यानेच मोडायचं, असा नियम आहे. गिरणीवर होतो तेव्हापासूनचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

"मग येऊ दे त्याला मोडायला," मी म्हटलं. "तोवर मी घरी नेते. काम नाहीये ना ते? मग माझा भाऊ आहे."

संदेश रडता रडताच हसायला लागला. त्यानेच टेम्पो आणला, त्यानेच दोन्ही स्टुलं माझ्या हॉलमध्ये खिडकीशी नीट मांडून दिली. प्रदर्शनात मधली जागा त्यांनी रिकामी ठेवली म्हणे. मी बघायला गेले नाही. घरी कामाला येणारी वैशाली पहिल्या दिवशी दारातूनच परत फिरली, आता ती त्याच्या खांद्यावरची धूळ फडक्याने झटकते आणि त्याला "मामा" म्हणते. त्याच्या मानेजवळ एक पट्टी सुटायला लागली आहे. मी ती चिकटवत नाही, मोडायचं की ठेवायचं हे त्याचं त्याने बघावं.

परवा संध्याकाळी सोसायटीतले दिवे गेले. मी घरात एकटी होते. खालून लोकांचे आवाज, लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलेलं, जिन्यावर धावपळ. पूर्वी अशा वेळी मी सरळ शेजाऱ्यांचं दार वाजवायचे. परवाही पाय लटपटले, हात गार पडले, बरगड्यांखाली ते नेहमीचं सुरू झालं. भिंत चाचपत मी खिडकीपाशी गेले, स्टुलावर बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बस रे," मी त्याला म्हटलं. "येतील इतक्यात."